चिकन ब्रेस्ट वातड का होतं? तव्यावर रसरशीत आणि तरीही पूर्ण शिजलेलं ब्रेस्ट असं करा

रविवारी सकाळी ठाण्यात, कल्याणात नाहीतर डोंबिवलीत चिकनच्या दुकानासमोर दहा मिनिटं उभं राहा. दोन प्रकारची गिऱ्हाईकं दिसतील. पहिला म्हणतो, "एक किलो दे, करी कट, लेगपीस जास्त टाक." दुसरा म्हणतो, "अर्धा किलो बोनलेस, फक्त ब्रेस्ट." पहिल्याच्या घरी दुपारी रस्सा-भाकरीचा बेत असतो. दुसऱ्याला जिमच्या ट्रेनरने, डाएटिशियनने किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं असतं की प्रोटीन वाढवा, तेल कमी करा.

पहिल्याचं जेवण बहुतेक वेळा फक्कड होतं. दुसरा मात्र घरी जाऊन ब्रेस्ट तव्यावर टाकतो, कच्चं राहील या भीतीने वीस-पंचवीस मिनिटं भाजतो आणि ताटात येते ती चप्पल. चावून चावून जबडा दुखतो. चार दिवस असं खाल्लं की डाएट सुटतं, बोनलेसचे जास्तीचे पैसे वाया जातात आणि "चिकन ब्रेस्ट हे प्रकरणच बेचव" असा शिक्का बसतो.

ब्रेस्ट बेचव नाही. ते शिजवायची पद्धत वेगळी आहे आणि आपल्या घरात ती कुणी शिकवलेली नसते. ओव्हन लागत नाही, महागडं भांडं लागत नाही. घरातली शेगडी, एक जाड तवा आणि झाकण पुरतं. त्यामागचं कारण आणि कृती, दोन्ही इथे सविस्तर पाहू.

## थोडक्यात सांगायचं तर

- ब्रेस्ट सगळीकडे सारख्या जाडीचं करा. मधून चिरा किंवा लाटण्याने ठोका.
- शिजवायच्या किमान अर्धा तास आधी मीठ लावा.
- आधी मध्यम आचेवर भाजा, मग मंद आचेवर झाकण ठेवा.
- सगळ्यात जाड भागाच्या मधोमध ७४ अंश सेल्सिअस तापमान झालं की चिकन सुरक्षित असतं. त्यापुढे शिजवाल तितकं ते कोरडं होत जातं.
- तव्यावरून काढल्यावर पाच मिनिटं थांबा. लगेच कापू नका.

## आपल्या रस्स्याची पद्धत ब्रेस्टला का चालत नाही?

आपल्याकडची कोंबडीची जुनी पाककृती गावठी कोंबडीसाठी तयार झाली. ती कोंबडी अंगणात फिरणारी, बऱ्याचदा अंडी देऊन वय झालेली. तिचं मांस घट्ट असतं, त्याला मंद आचेवर तास-दीड तास रटरटायलाच हवं. आगरी घरातला चिकनचा रस्सा असो की कोल्हापुरी, मूळ हिशोब तोच: भरपूर वेळ, भरपूर रस्सा.

आज दुकानात मिळते ती ब्रॉयलर. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढच्या काही दशकांत देशातला कुक्कुटपालनाचा धंदा पूर्ण बदलला. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास पोहोचते. ती फारशी फिरत नाही, तिचं वय कोवळं असतं आणि छाती गावठीच्या मानाने कितीतरी मोठी असते. कोंबडी बदलली, पण शिजवण्याचा वेळ आपल्या डोक्यात जुनाच राहिला.

दुसरा फरक कोंबडीच्या शरीरातच आहे. मांडी आणि तंगडी हे चालायचे स्नायू. त्यांत चरबी जास्त आणि कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिनही जास्त. मंद आचेवर बराच वेळ शिजलं की कोलॅजेनचं जिलेटिन होतं आणि तंगडी लुसलुशीत लागते. थोडी जास्त शिजली तरी बिघडत नाही. छातीचा स्नायू पंख फडफडवण्याचा. ब्रॉयलर काही उडत नाही. त्यामुळे या मांसात चरबी नावापुरती आणि कोलॅजेन फारच कमी. जास्त वेळ शिजवून मऊ होईल असं त्यात काही नसतंच.

घरी रस्सा होतो तेव्हा छातीचा तुकडा शेवटपर्यंत पातेल्यात का उरतो, याचं उत्तर इथे आहे. तंगडी शिजेपर्यंत छातीचा चोथा झालेला असतो.

## आत नेमकं काय घडतं?

कच्च्या ब्रेस्टच्या वजनात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. हे पाणी प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेलं असतं. रसरशीत ब्रेस्ट म्हणजे हे पाणी आत टिकलेलं ब्रेस्ट. आच लागली की जाळं आवळत जातं, ओला टॉवेल पिळल्यासारखं.

- ५० अंशांच्या आसपास मायोसिन हे प्रथिन गोठायला लागतं. मांस गुलाबी-पारदर्शक होतं ते पांढरं होऊ लागतं.
- ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान तंतूंभोवतीची आवरणं आकसतात आणि पाणी बाहेर पडायला सुरुवात होते.
- ६५ च्या पुढे ॲक्टिन हे दुसरं प्रथिनही आवळू लागतं. पाणी जाण्याचा वेग वाढतो.
- ७४ अंशांना मांस पूर्ण शिजलेलं असतं आणि अजून बऱ्यापैकी ओलसर असतं.
- ८० च्या वर गेलं की तंतू सुटे होतात आणि तोंडात चोथा उरतो.

चांगल्या आणि वाईट ब्रेस्टमधलं अंतर सात-आठ अंशांचं आहे. तापलेल्या तव्यावर हे अंतर दोन-तीन मिनिटांत पार होतं. कुकर तर याहून पुढचा. त्याच्या आत दाबामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. तीन शिट्ट्यांत ब्रेस्टमधलं पाणी पातेल्यात येतं आणि तुकडा कोरडा होतो.

## मग आपण जास्त का शिजवतो? भीतीमुळे

ही भीती उगाच आलेली नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीबरोबर ठाण्यातही मृत पक्ष्यांच्या नमुन्यांत बर्ड फ्लू आढळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीच्या एका पोल्ट्रीत कोंबड्या मेल्या, तपासणीत एच५एन१ विषाणू निघाला आणि आसपासच्या हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात गिया बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएसचे रुग्ण वाढले. मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. पण काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू मिळाला. तो कच्च्या आणि अर्धवट शिजलेल्या कोंबडीतूनही पोटात जाऊ शकतो. "चिकन नीट शिजवूनच खा" असं तेव्हा राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांनीही सांगितलं होतं.

सल्ला बरोबरच होता. फक्त "नीट" म्हणजे किती, हे कुणी आकड्यात सांगत नाही. म्हणून घरोघरी नीट म्हणजे अर्धा तास असा अर्थ लागतो. आकडे असे आहेत:

- जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मांसाच्या सगळ्या भागांत ७० अंश तापमान झालं की बर्ड फ्लूचा विषाणू मरतो.
- अमेरिकेच्या कृषी खात्याने कोंबडीसाठी किमान ७४ अंश ठरवून दिले आहेत. या तापमानाला साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर लगेच मरतात.

म्हणजे ७४ ला पोहोचलेलं ब्रेस्ट सुरक्षित आहे. त्यानंतरची पंधरा मिनिटं सुरक्षितता वाढवत नाहीत, फक्त चव घालवतात. घरात लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा आजारातून उठलेलं कुणी असेल तर ७४ च्या खाली अजिबात राहू नका. आणि ७४ ला थांबायला घाबरूही नका.

यासाठी सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे सुईसारखं टोक असलेला डिजिटल थर्मामीटर. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. आठवड्याला दोनदा ब्रेस्ट करत असाल तर त्याची किंमत महिन्याभरात वसूल होते.

## दुकानात काय मागायचं?

आपल्याकडे बोनलेस म्हटलं की दुकानदार सवयीने छोटे तुकडे करतो. तव्यावर करायचं असेल तर आधीच सांगा: "छाती अख्खी ठेव, तुकडे करू नको." अख्खा तुकडा आतून हळू शिजतो आणि हातात राहतो. तुकडे झाले की प्रत्येक तुकड्याच्या सगळ्या बाजूंनी पाणी जातं.

दुसरी गोष्ट थोडी उलटी वाटेल. आपला समज असा की समोर कापलेली कोंबडी घरी आणून तासाभरात शिजवली तर सगळ्यात उत्तम. रस्स्याला ते चालतं. ब्रेस्टला नाही. कोंबडी कापल्यावर काही वेळात तिचे स्नायू ताठरतात. हा ताठरपणा सुटायला साधारण चार ते सहा तास जातात. त्याआधी छाती हाडापासून वेगळी केली तर स्नायूला धरून ठेवणारं काही उरत नाही, तो आकसतो आणि शिजल्यावर चिवट लागतो. म्हणून समोर कापून घेणार असाल तर छाती हाडासकट घ्या, घरी आणून फ्रीजमध्ये ठेवा आणि संध्याकाळी हाड काढा. सकाळी नऊला आणलेलं ब्रेस्ट रात्री आठला केलं तर फरक जिभेला कळतो. दुकानदाराकडून लगेच बोनलेस करून घेतलं असेल तर ते ठोकून घ्या, तंतू थोडे मोडतात.

घेताना हाताने दाबून बघायला मिळालं तर बघा. काही ब्रेस्ट कच्चं असतानाच लाकडासारखं टणक लागतं किंवा त्यावर चरबीच्या ठळक पांढऱ्या रेघा असतात. झपाट्याने वाढवलेल्या पक्ष्यांत हे दिसतं. खायला धोका नाही, पण असं ब्रेस्ट काही केल्या लुसलुशीत होत नाही. ते खिम्याला वापरा.

## धुवायचं की नाही?

नळाखाली धार धरून चिकन धुऊ नका. पाण्याचे बारीक थेंब उडतात आणि त्याबरोबर जीवाणू ओट्यावर, भांड्यांवर, शेजारी ठेवलेल्या कोथिंबिरीवर जातात. हळद-मीठ लावून धुतल्याने वास कमी होतो. जीवाणू मरतात ते आचेने.

धुतल्याशिवाय मनाला पटत नसेल तर पातेल्यात पाणी घेऊन हळूच बुडवून काढा, ते पाणी सावकाश ओता आणि मग सिंक, ओटा आणि हात साबणाने धुवा. त्यानंतर ब्रेस्ट स्वच्छ कापडाने किंवा टिश्यूने कोरडं टिपून घ्या. ओलं ब्रेस्ट तव्यावर भाजलं जात नाही, वाफेवर उकडतं. कच्च्या चिकनची सुरी आणि पाट कांदा-काकडीला वापरू नका.

## कृती: पायरी पायरीने

१. जाडी सारखी करा. ब्रेस्ट एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळतं असतं. जाड भाग शिजेपर्यंत निमुळता भाग करपतो. तळहात ब्रेस्टवर सपाट ठेवा आणि सुरी आडवी धरून त्याचे दोन पातळ काप करा. किंवा ते स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालून जाड भागावर लाटण्याने बेताने ठोका. दीड ते दोन सेंटिमीटर जाडी ठेवा, अंगठ्याच्या रुंदीएवढी.

२. मीठ आधी लावा. अर्धा किलो ब्रेस्टला एक सपाट छोटा चमचा मीठ. दोन्ही बाजूंना चोळा आणि किमान अर्धा तास ठेवा. वेळ असेल तर रात्रभर फ्रीजमध्ये. मीठ लावल्यावर आधी पाणी सुटतं, मग तेच खारं पाणी आत शोषलं जातं. मिठामुळे प्रथिनांचं जाळं सैल होतं आणि शिजताना ते पाणी धरून ठेवतं. या एका पायरीने जितका फरक पडतो तितका कुठल्याही मसाल्याने पडत नाही.

खाऱ्या पाण्यात भिजवायचं असेल तर एक लिटर पाण्यात मोठे तीन सपाट चमचे मीठ विरघळवा आणि ब्रेस्ट त्यात अर्धा ते एक तास फ्रीजमध्ये ठेवा. नंतर वरून मीठ घालू नका. रक्तदाबामुळे मीठ कमी खायला सांगितलं असेल तर ही पद्धत टाळा आणि मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

३. मसाला बेताने. तेल, हळद, मिरपूड, थोडी आलं-लसूण पेस्ट. एवढं पुरे. दह्यात मुरवलं तर मऊपणा येतो, कारण दह्याचा आंबटपणा सौम्य असतो. लिंबू मात्र शेवटी पिळा. लिंबाच्या रसात दोन-तीन तास ठेवलेलं ब्रेस्ट वरून खडूसारखं होतं. कच्ची पपई लावत असाल तर अगदी थोडी आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, नाहीतर लगदा होतो. आगरी मसाला किंवा लाल तिखट सुरुवातीलाच तव्यावर गेलं तर करपून कडू होतं आणि घरभर ठसका लागतो. ते शेवटच्या दोन मिनिटांसाठी राखून ठेवा.

४. तवा तापवा. बिडाचा तवा, जाड बुडाचा फ्राय पॅन किंवा नॉनस्टिक, काहीही चालेल. पातळ ॲल्युमिनियमचा तवा नको, तो एकाच ठिकाणी तापतो. आच मध्यम ठेवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचायला लागला की दोन छोटे चमचे तेल घाला. नॉनस्टिक असेल तर रिकामं तापवू नका, तेलासकटच तापवा. ब्रेस्ट फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं झालेली असावीत.

५. पहिली बाजू. ब्रेस्ट ठेवा आणि हात लावू नका. चुर्र आवाज आला पाहिजे. चार ते पाच मिनिटं तसंच राहू द्या. कालथ्याने दाबू नका, दाबलं की रस तव्यावर येतो. खालची बाजू खरपूस झाली की तुकडा आपोआप सुटतो. चिकटलेला असेल तर अजून मिनिटभर थांबा.

६. दुसरी बाजू, झाकण ठेवून. उलटा, आच मंद करा आणि झाकण ठेवा. तीन ते पाच मिनिटं. झाकणाखालच्या वाफेने वरची बाजू कोरडी न पडता शिजते.

७. तापमान बघा. थर्मामीटरची सुई बाजूने, सगळ्यात जाड भागाच्या मधोमध घाला. ७२ दिसलं की गॅस बंद करून ब्रेस्ट ताटात काढा आणि वर सैल झाकण ठेवा. आतली उष्णता अजून मधल्या भागाकडे सरकत असते, त्यामुळे आकडा दोन अंशांनी वर जातो. ७४ दिसल्याशिवाय वाढू नका. नाही पोहोचला तर पुन्हा मिनिटभर तव्यावर ठेवा.

८. पाच मिनिटं थांबा. गरमागरम कापलं की रस पाटावर वाहतो. थोडं निवलं की तो आतच दाटतो. कापताना तंतू कोणत्या दिशेने गेले आहेत ते बघा आणि त्यांना आडवं कापा. तंतू आखूड झाले की चावायला सोपं जातं.

## जाडीनुसार वेळ

ही वेळ अंदाजापुरती. शेगडी, तवा आणि तुकडा यांनुसार मिनिटभर इकडेतिकडे होईल.

- एक सेंटिमीटर: पहिली बाजू ३ मिनिटं, दुसरी २ ते ३ मिनिटं. झाकणाची गरज नाही.
- दीड ते दोन सेंटिमीटर: पहिली बाजू ४ ते ५, दुसरी झाकण ठेवून ३ ते ५.
- न चिरलेलं, अडीच-तीन सेंटिमीटरचं: पहिली बाजू ६, मग मंद आचेवर झाकण ठेवून ८ ते १०. नवख्याने ही जाडी टाळावी.

## थर्मामीटर नसेल तर?

सगळ्यात जाड भागाला चीर देऊन आत बघा. मांस पूर्ण पांढरं हवं, तंतू वेगळे दिसायला हवेत, कुठेही काचेसारखी चकाकी किंवा गुलाबी गर नको. बोटाने दाबल्यावर कच्चं मांस थुलथुलीत लागतं, शिजलेलं घट्ट पण लवचिक. या खुणा सरावाने जमतात, पण पूर्ण भरवशाच्या नाहीत. म्हणून थर्मामीटर नसताना ब्रेस्ट पातळच करा. सेंटिमीटरभर जाडीत आत कच्चं राहण्याचा धोका फार कमी होतो. शंका आली तर अजून दोन मिनिटं ठेवा. थोडं कोरडं चालेल, कच्चं चालणार नाही.

## तव्यावरचं खरपूड टाकू नका

ब्रेस्ट काढल्यावर तव्याला तपकिरी थर चिकटलेला असतो. खरी चव त्यात असते. त्याच तव्यावर छोटा चमचाभर तूप घाला, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची परता, पाव वाटी पाणी ओता आणि कालथ्याने थर खरवडा. दोन मिनिटांत पाणी आटून दाट रस होतो. आगरी मसाला घालायचा असेल तर आत्ता घाला. वरून लिंबू आणि कोथिंबीर. हा रस कापलेल्या ब्रेस्टवर ओता आणि तांदळाच्या भाकरीबरोबर खा. डाएटचं जेवण आहे हे कुणाला सांगावंही लागणार नाही.

## आधी मोठ्या आचेवर भाजलं की रस आत कोंडला जातो का?

नाही. हा समज जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या १८४७ मधल्या लिखाणातून पसरला आणि अजून टिकून आहे. भाजल्यावर तयार होणारा थर पाणी अडवत नाही. थर झाल्यावरही तव्यावरचा चुर्र आवाज थांबत नाही, आणि तो आवाज बाहेर आलेल्या पाण्याचाच असतो. भाजायचं ते चवीसाठी. प्रथिनं आणि शर्करा यांच्यातल्या ज्या प्रक्रियेने खरपूस रंग आणि वास येतो तिचं वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये केलं. रस टिकतो तो मीठ, सारखी जाडी आणि योग्य वेळी गॅस बंद करण्याने.

## डब्यासाठी करत असाल तर

कल्याण-डोंबिवलीहून सकाळी सातला निघणाऱ्याचा डबा ऑफिसात दुपारी एकला उघडतो. मधले सहा तास ब्रेस्ट गर्दीच्या डब्यात, पाठीवरच्या बॅगेत असतं. शिजवलेलं मांस बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नको, असा नियम आहे. ठाण्याच्या एप्रिल-मेमध्ये तो एक तास दिवा स्टेशन येईपर्यंतच संपत येतो.

त्यामुळे गरम ब्रेस्ट डब्यात भरून नेऊ नका. रात्री करा, निवलं की दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी थंडच भरा. डब्याच्या पिशवीत गोठवलेला आइस पॅक टाका आणि ऑफिसला पोहोचताच फ्रीजमध्ये ठेवा. गरम करताना चमचाभर पाणी शिंपडा आणि झाकण ठेवा, म्हणजे कोरडं पडत नाही. ऑफिसात फ्रीज नसेल आणि आइस पॅकही नसेल तर डब्यात दुसरं काहीतरी न्या, ब्रेस्ट रात्रीच्या जेवणाला ठेवा.

कच्चं ब्रेस्ट फ्रीजमध्ये एक-दोन दिवस, शिजवलेलं तीन-चार दिवस टिकतं. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर सपाट पाकिटं करून फ्रीजरमध्ये ठेवा. दुकानं बंद असतात तेव्हा याचा उपयोग होतो. २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने १५ ऑगस्टला मांसविक्री बंद ठेवायचा आदेश काढला आणि राज्यभर वाद झाला. वादाचं काहीही होवो, फ्रीजरमध्ये दोन पाकिटं असलेल्यांचा बेत अडला नसणार. गोठवलेलं ब्रेस्ट आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये ठेवून वितळवा, ओट्यावर नको.

## लोक नेहमी विचारतात

ब्रेस्टमधून पांढरा फेसासारखा पदार्थ येतो, ते काय? गोठलेलं प्रथिन. भेसळ नाही, चरबीही नाही. आच फार मोठी असेल तर जास्त येतो.

शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन किती? कच्च्या बिनकातडीच्या ब्रेस्टमध्ये साधारण २२-२३ ग्रॅम, शिजलेल्यात साधारण ३१. प्रोटीन वाढत नाही, पाणी कमी होऊन वजन घटतं. ॲपमध्ये नोंद करताना कच्चं की शिजलेलं, ते नीट निवडा. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

रस्स्यातलं ब्रेस्ट मऊ कसं ठेवायचं? सगळे तुकडे एकदम टाकू नका. आधी तंगडी, मांडी आणि हाडाचे तुकडे शिजवा. रस्सा तयार होत आला की छातीचे तुकडे घाला आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ठेवा. मोठा तुकडा फोडून आत बघा आणि गॅस बंद करा.

अजिबात तेल नको असेल तर? मीठ, आलं आणि मिरी घातलेल्या थंड पाण्यात ब्रेस्ट ठेवा. मंद आचेवर हळूहळू तापवा, पाणी खळखळू देऊ नका. कडेने बारीक बुडबुडे यायला लागले की तशाच आचेवर दहा-बारा मिनिटं ठेवा, आत ७४ अंश झाले का ते बघा आणि काढा. हे ब्रेस्ट हाताने पिंजून कोशिंबिरीत, सँडविचमध्ये किंवा पोळीच्या रोलमध्ये छान लागतं. उरलेलं पाणी सूपला वापरा.

## पुढच्या रविवारी

सगळं एकदम जमवायला जाऊ नका. पहिल्या वेळी फक्त दोन गोष्टी करा: ब्रेस्ट सारख्या जाडीचं करा आणि अर्धा तास आधी मीठ लावा. बाकी नेहमीसारखं करा, फक्त घड्याळ लावून. किती मिनिटांनी काढलं ते लिहून ठेवा. दुसऱ्या वेळी त्यातून मिनिट-दोन मिनिटं कमी करा आणि आत बघा. तिसऱ्या वेळेपर्यंत तुमच्या शेगडीची आणि तुमच्या तव्याची वेळ तुम्हाला पाठ झालेली असेल. मग रस्स्याच्या पातेल्यात शेवटी उरणारा तो छातीचा तुकडाही घरात कुणीतरी आपणहून उचलेल.